दप्तर आपले, किल्ली कोणाची?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)

संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा वास्तूकडे, फलकावरील देणगीदारांच्या नावांकडे आणि भिंतीवरील छायाचित्रांकडे सर्वांचे लक्ष जाते. कपाटातील दप्तराकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. वस्तुतः संस्थेचे आयुष्य त्या दप्तरातच नोंदलेले असते. कोणत्या वर्षी कोणता ठराव झाला, कोणी किती देणगी दिली, कोणत्या विद्यार्थ्याला साहाय्य मिळाले, या साऱ्यांचा पुरावा म्हणजे इतिवृत्ताची वही, सभासदांची नोंदवही, कीर्द आणि खतावणी. माणसाची स्मृती पन्नास वर्षे पुरत नाही, कागद पुरतो.

आजच्या मंगल प्रसंगी थोडा वेगळा विषय मांडावयाचा आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे दप्तर कपाटातून निघून संगणकात गेले आणि संगणकातून दूरदेशीच्या कंपन्यांच्या सर्व्हरवर गेले. सोय झाली, वेग आला, खर्चही कमी भासला. पण त्या दप्तराची किल्ली आज कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही.

व्यापारी पेठेतील जुनी रीत ज्येष्ठांना आठवत असेल. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या, दिवाळीचे वहीपूजन, रोजच्या जमा-नावे नोंदी, त्यावरून खतावणी आणि वर्षाअखेरीस बाकी. मुनीम वीस वर्षे गादीवर बसे आणि एके दिवशी काम सोडून जाई. दुसरा मुनीम येई, वही उघडी आणि पहिल्याने लिहिलेले वाचू लागे. हे कशामुळे शक्य होत असे? वही मालकाची होती आणि वही लिहिण्याची रीत कोणाच्याच मालकीची नव्हती. जमा कोठे, नावे कोठे, हे साऱ्या पेठेला ठाऊक होते. मुनीम हुशार असो वा हट्टी, पेढी त्याच्या मुठीत जात नसे.

आता असा मुनीम कल्पावा की जो वही स्वतःच्या घरी ठेवतो, स्वतःला एकट्याला कळणाऱ्या सांकेतिक लिपीत लिहितो, पगार घेत नाही, मात्र पेढीवर कोण आले आणि काय बोलले हे बाहेर जाहिरातदाराच्या कामी लावतो. असा माणूस कोणत्याही व्यापाऱ्याने एक दिवसही ठेवला नसता. संगणकावरील कित्येक विनामूल्य सेवा मात्र याच अटींवर चालतात आणि शहाणीसुरती माणसे त्या अटी न वाचता ‘मान्य’ म्हणून बोट दाबतात.

यात कोणा कंपनीला दूषण देण्याचा हेतू नाही. या सेवांनी समाजाचे पुष्कळ भले केले आहे. प्रश्न मालकीचा आहे. जानेवारी २००४ मध्ये ‘ऑर्कुट’ ही सेवा सुरू झाली. भारतात आणि ब्राझीलमध्ये ती विशेष लोकप्रिय झाली. मराठी तरुणांच्या कित्येक पिढ्या तेथे भेटल्या असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण एका पिढीचे तरुणपण तेथे निश्चित गेले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ती बंद झाली. ‘गूगल प्लस’ २०१९ च्या एप्रिलमध्ये मिटले. ‘याहू ग्रुप्स’ २०२० च्या डिसेंबरात संपले आणि त्यातील वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्याआधीच संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आला होता. कंपन्यांनी आगाऊ सूचना दिल्या होत्या, मजकूर उतरवून घेण्याची सोयही काही काळ ठेवली होती. जागा त्यांची होती, त्यांनी दुकान बंद केले. त्यात अप्रामाणिकपणा काही नाही. परंतु ज्याने आपली एकमेव प्रत तेथे ठेवली होती आणि ज्याला सूचना कळली नाही, त्याचे नुकसान भरून देणारे कोणी नव्हते.

विनामूल्य सेवेचेच असे होते, पैसे मोजले की धोका टळतो, असे कोणास वाटेल. गुजरातेत वाडीनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीचा अनुभव या बाबतीत विचार करण्याजोगा आहे. या कंपनीत रशियाच्या रॉसनेफ्ट कंपनीची मोठी भागीदारी आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने निर्बंध जाहीर केले, त्यात नायराचेही नाव आले. त्यानंतर लवकरच मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेलसह काही सेवा थांबवल्या. आपण परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले आहेत, असे सांगत नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिना संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य, हा येथे विषय नाही. कारखाना भारतात, कर्मचारी भारतात, कामकाज भारतीय कायद्याखाली. तरीही युरोपातील एका निर्णयाने कार्यालयातील पत्रपेटीला कुलूप लागले. एवढी मोठी कंपनी न्यायालयात जाऊ शकली. लहान संस्थेने कोणत्या दारात उभे राहावयाचे?

हे कुलूप प्रत्यक्षात तीन प्रकारचे असते, ते समजून घेणे हिताचे आहे.

पहिले कुलूप लिपीचे, म्हणजे मजकूर ज्या स्वरूपात साठवला जातो त्या स्वरूपाचे. मराठी माणसाने याचा कडू अनुभव घेतलेला आहे. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी अक्षरे आली, पण प्रत्येक कंपनीच्या फाँटची अंतर्गत रचना निराळी होती. एका छापखान्यात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. मजकूर लेखकाचा, भाषा मराठी, पण वाचण्याचा अधिकार त्या फाँटच्या धन्याकडे. १९९१ साली युनिकोड या सर्वमान्य संकेताची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला स्थान होते. पुढे संगणकांमध्ये त्याची सोय रुजली, तेव्हा कोठल्याही यंत्रावर टाइप केलेले मराठी कोठल्याही यंत्रावर वाचता येऊ लागले. युनिकोडचे तक्ते कोणालाही पाहता येतात, वापरता येतात. अनेक संस्थांच्या त्या काळातील स्मरणिकांच्या फाइली आजही जुन्या फाँटमध्ये अडकून पडल्या आहेत. छापील प्रत उरली म्हणून मजकूर उरला.

दुसरे कुलूप जाळ्याचे. ई-मेल एका कंपनीकडून घेतला तरी दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पत्र पाठवता येते, कारण पत्र पोहोचवण्याचे नियम १९८२ सालापासून जाहीर आहेत आणि ते सर्वांनी पाळले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवेचे तसे नाही. सारा समाज तेथे आहे म्हणून प्रत्येकाला तेथेच राहावे लागते. एकट्याने बाहेर पडणे म्हणजे वाळीत पडणे. दुकानदारांना याचा एक चांगला उलट अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी गल्ल्यापाशी प्रत्येक कंपनीचा निराळा क्यूआर फलक चिकटवावा लागे आणि गिऱ्हाइकाजवळ नेमके तेच अ‍ॅप नसले की पैसे अडत. २०१६ साली यूपीआय आले. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की, कंपन्यांनी केवळ आपल्यापुरते चालणारे कोड सोडून ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना चालणारे कोड स्वीकारावेत. आज कोणतेही अ‍ॅप असो, कोणतीही बँक असो, एका फलकावर काम होते. यूपीआयचा कारभार एकाच संस्थेकडे आहे, त्यामुळे त्यास सर्वार्थाने मुक्त व्यवस्था म्हणता येणार नाही. तरीही सामायिक नियमाने कुलूप कसे निघते, हे त्यातून दिसते.

तिसरे कुलूप सवयीचे. हे सर्वांत जड असते आणि ते कोणत्याही कायद्याने निघत नाही. या कुलपाची खरी परीक्षा जर्मनीतील एका शहराने आणि एका राज्याने दिली. त्यांचा इतिहास सविस्तर सांगण्यासारखा आहे.

म्युनिक हे दक्षिण जर्मनीतील संपन्न शहर. मे २००३ मध्ये तेथील नगरपरिषदेने ठरवले की, महापालिकेचे सुमारे चौदा हजार संगणक विंडोजवरून लिनक्स या खुल्या प्रणालीवर न्यावयाचे. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी त्यावेळी स्वतः म्युनिकला जाऊन महापौर क्रिस्टियान उडे यांची भेट घेतली होती. एका नगरपालिकेच्या निर्णयाला केवढे वजन असते, ते यावरून कळावे. काम सोपे नव्हते. दहा वर्षे लागली. २०१३ अखेर जवळजवळ पंधरा हजार संगणक नव्या प्रणालीवर आले आणि एक कोटी युरोहून अधिक बचत झाल्याचे महापालिकेने सांगितले होते. पण पुढे महापौर बदलले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, बाहेरून येणारी कागदपत्रे नीट उघडत नाहीत असा सूर निघाला आणि २०१७ साली परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. तक्रारींचे मूळ प्रणालीपेक्षा विस्कळीत संगणक-व्यवस्थापनात अधिक होते, असे अनेक जाणकारांचे मत आहे. २०२० साली नवी आघाडी सत्तेवर आली आणि शक्य तेथे खुल्या प्रणाली वापराव्यात, असे धोरण तिने पुन्हा मान्य केले.

म्युनिकच्या या येण्या-जाण्याकडे पाहून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की, हे काम होण्यासारखे नाही. उत्तर जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने मात्र त्यातून धडा घेतला. एप्रिल २०२४ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने तीस हजार शासकीय संगणकांवर लिबरऑफिस ही खुली कार्यालयीन प्रणाली आणण्याचा निर्णय घेतला. त्यांनी पायऱ्या ठरवल्या: आधी कागदपत्रांचे स्वरूप बदलावयाचे, मग पत्रव्यवहार, त्यानंतर संगणकाची मूळ प्रणाली. ऑक्टोबर २०२५ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक पत्रपेट्या आणि त्यांतील दहा कोटींहून अधिक पत्रे व नोंदी नव्या खुल्या व्यवस्थेवर हलवण्यात आल्या. हे सुखासुखी झाले नाही. काम खोळंबले, कर्मचारी रागावले, चुका झाल्याचे शासनाला मान्य करावे लागले. वर्षाला दीड कोटी युरोहून अधिक परवाना-शुल्क वाचेल आणि त्यासाठी २०२६ साली नव्वद लाख युरो एकदाच खर्च करावे लागतील, असा हिशेब राज्याच्या मंत्र्यांनी मांडला आहे. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहता हा सौदा तोट्याचा दिसत नाही.

परंतु केवळ बचत हे खुल्या प्रणालीचे मर्म मानले तर मोठी गफलत होईल. खुली प्रणाली म्हणजे जिची रचना जाहीर आहे, जी कोणालाही तपासता, दुरुस्त करता आणि दुसऱ्यास देता येते. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी या विचाराचा पुरस्कार केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा पाया घातला. या व्यवस्थेत ग्राहकाला मिळणारी खरी वस्तू म्हणजे निघून जाण्याची मोकळीक. लिबरऑफिसचा जन्मच त्याची साक्ष देतो. तिच्या आधीची ‘ओपनऑफिस’ ही प्रणाली सन कंपनीची होती. २०१० साली ती कंपनी ओरॅकलने विकत घेतली. नव्या मालकाचा रोख पटला नाही, तेव्हा त्यावर काम करणारे अनेक तंत्रज्ञ त्याच वर्षी बाहेर पडले आणि जाताना सारी रचना बरोबर घेऊन गेले. ती चोरी नव्हती. तसा अधिकार मूळ परवान्यानेच दिलेला होता. दुकानाचे मालक बदलले, पण गिऱ्हाइकाचे खाते बुडाले नाही. ही प्रणाली मराठीतही उपलब्ध आहे आणि तिचे कागदपत्रांचे स्वरूप २००६ सालापासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे सर्वांचे असते, ते सांभाळावयाचे कोणी? एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा एक गंभीर दोष उघडकीस आला. जगातील असंख्य संकेतस्थळे ज्या खुल्या सुरक्षा-प्रणालीवर विसंबून होती, तिच्यातच तो होता. तेव्हा जगाला कळले की, ही प्रणाली मूठभर माणसे सांभाळत होती आणि त्यांना मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर एवढ्याच होत्या. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या. धर्मादाय संस्थेत काम केलेल्यांना हे नवे नाही. पाणपोईचे पाणी विनामूल्य असते, पण रांजण भरणारा हात आणि त्याचा खर्च उचलणारा दाता असावाच लागतो. ज्या समाजाला दानाची परंपरा आहे, त्या समाजाला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. जो खुली प्रणाली वापरील, त्याने तिच्या जोपासनेसाठी वर्षाकाठी काहीतरी द्यावे, हा साधा व्यवहार आहे.

मग संस्थांनी काय करावे? एका रात्रीत सारे सोडून देण्याचा सल्ला येथे द्यावयाचा नाही. म्युनिकचा अनुभव त्याविरुद्ध सांगतो, श्लेस्विग-होल्स्टाइनचा अनुभव पायरीपायरीने जाण्यास सांगतो. पुढील पाच गोष्टी कोणत्याही विश्वस्त संस्थेला फारशा खर्चाशिवाय करता येतील.

पहिली गोष्ट, सभासदांची यादी, इतिवृत्ते, हिशेब आणि छायाचित्रे यांची एक पूर्ण प्रत संस्थेच्या स्वतःच्या साठवणुकीत, कार्यालयात असावी आणि दुसरी प्रत दुसऱ्या वास्तूत असावी. ढगातील प्रत ही तिसरी समजावी.

दुसरी गोष्ट, ही प्रत खुल्या स्वरूपात आणि युनिकोड अक्षरांत असावी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून दरवर्षी लेखापरीक्षणानंतर सर्व खाती साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढून ठेवावीत. धर्मादाय आयुक्तांना पंचवीस वर्षांपूर्वीचा हिशेब दाखवावा लागला तर ‘ते सॉफ्टवेअर आता मिळत नाही’ हे उत्तर चालणार नाही.

तिसरी गोष्ट, संस्थेच्या नावाचे संकेतस्थळ आणि त्याच नावाचा ई-मेल पत्ता नोंदवावा. नोंदणी संस्थेच्या नावे असावी, कोणा उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी नावे नसावी. मग सेवा देणारी कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाही.

चौथी गोष्ट, परवलीचे शब्द दोन पदाधिकाऱ्यांकडे मोहोरबंद असावेत आणि पदभार देताना तिजोरीच्या किल्ल्यांप्रमाणे त्यांचीही नोंद इतिवृत्तात व्हावी.

पाचवी गोष्ट, व्हॉट्सअ‍ॅप जरूर वापरावे, पण सूचनाफलक म्हणून. फलकावरची सूचना पुसली जाते हे सर्वांना मान्य असते. ठराव आणि देणगीची नोंद मात्र कोणी फलकावर ठेवीत नाही. तेथे झालेला महत्त्वाचा निर्णय त्याच आठवड्यात वहीत यावा.

या पाचही गोष्टींचा कस एकाच कसोटीवर लागतो. वर्षातून एकदा, वहीपूजनाच्या सुमारास, संस्थेच्या तरुण कार्यकर्त्यांनी ती जतन केलेली प्रत एखाद्या निराळ्या संगणकावर उघडून पाहावी. मजकूर वाचता आला तर दप्तर आपले आहे. वाचता आला नाही तर ते दुसऱ्याचे झाले आहे आणि हे संकटाच्या दिवशी कळण्यापेक्षा सणाच्या दिवशी कळलेले बरे.

संस्थापकांनी पन्नास वर्षांपूर्वी पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर जे लिहिले, ते आजही कोणालाही वाचता येते. त्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही. आणखी पन्नास वर्षांनी शतकमहोत्सव साजरा होईल, तेव्हा त्या सभेतील एखादा तरुण आजच्या नोंदी शोधू लागेल. देणगीदारांची नावे, आजच्या सभेचे छायाचित्र आणि आजचा ठराव त्याला मिळावेत, एवढी तजवीज करणे हे आजच्या विश्वस्तांचे कर्तव्य आहे. वडिलांनी वही सोपवली, तशीच ती मुलांच्या हाती सोपवावयाची आहे, आणि वहीबरोबर तिची किल्लीही.